इन्चार्ज झालीस, आता आधी ओव्हर बघ

प्रिय सिस्टर,

३० खाटांच्या मेडिसिन वॉर्डची तू इन्चार्ज झालीस, मनापासून अभिनंदन. आल्या आल्या कपाटं लावायला आणि रजिस्टरं आखायला घेऊ नकोस, ते होईल सावकाश. आधी ओव्हर बघ, म्हणजे पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला रुग्ण कसे सोपवते ते. दिवसातून तीनदा सगळा वॉर्ड एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि राहिलेल्या गोष्टी बहुतेक तिथेच राहतात.

टेबलाशी उभं राहून ‘चार नंबर, कंडिशन सेम’ असं वाचून दाखवलं, तर येणारीच्या पदरात काही पडत नाही. ओव्हर खाटेपाशी होऊ दे, सीरियस रुग्णांपासून. सलाईन किती उरलंय आणि थेंब किती चाललेत, हे दोघींनी डोळ्यांनी बघायचं. ५०० मिली ८ तासांत द्यायचं असेल, तर २० थेंबांना १ मिली पडणाऱ्या सेटवर मिनिटाला साधारण २१ थेंब पडायला हवेत. लघवीची पिशवी, सुईची जागा, दिलेला आणि राहिलेला डोस बघायचा. मग अर्धवट कामं: कोणतं सॅम्पल गेलंय, रिपोर्ट कोण आणणार, सर्जरीच्या डॉक्टरांना बोलावणं (कॉल) किती वाजता लिहिलं, डॉक्टर येऊन गेले का. कॉलबुकात वेळ लिहिलेली नसेल, तर पाठपुरावा कुणीच करत नाही. फोनवरची ऑर्डर लिहून घ्यायची, डॉक्टरांना परत वाचून दाखवायची आणि पुढच्या राउंडला सही घ्यायची. पोटॅशियम क्लोराइडचे अँप्यूल इतर इंजेक्शनांच्या ट्रेमध्ये दिसले, तर त्याच क्षणी उचल आणि वेगळे, कुलूपबंद ठेव. पातळ न करता शिरेतून गेलं तर हृदय थांबतं.

हे सगळं करायला २० मिनिटं लागतात. ती ड्यूटीत धरलेली नसली, की जाणारीचं लक्ष बसकडे लागतं. म्हणून ड्यूटी लिस्ट लावतानाच दोन पाळ्या तेवढा वेळ एकमेकींवर येतील असं बघ.

डिस्चार्जच्या वेळी इन्सुलिनवर खास लक्ष दे. मिलीला ४० युनिटच्या व्हायलला लाल टोपणाची सिरिंज, मिलीला १०० युनिटच्या व्हायलला नारिंगी. १०० ची व्हायल लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरली, तर रुग्णाला २० नव्हे, ५० युनिट जातात. म्हणून घरी टोचणाऱ्या माणसाच्या हातात सिरिंज देऊन तुझ्यासमोर भरून घे. नुसतं समजावून सांगितलेलं गेटच्या बाहेर पडेपर्यंत विसरलं जातं. जुन्या गोळ्यांतल्या कोणत्या बंद, हे कार्डावर मराठीत लिहून दे. टीबीचा रुग्ण असेल तर निक्षय आयडी, म्हणजे त्याचा सरकारी नोंदणी क्रमांक, कार्डावर हवाच, आणि गावच्या आरोग्य केंद्राला एक फोन.

आता माणसांचा हिशेब. सकाळी ३, दुपारी २, रात्री २ म्हणजे आठवड्याला ४९ ड्यूट्या. प्रत्येकीच्या ६ धरल्या, तर साधारण ८ जणी पुरतात असं वाटतं. पण यात रजा, आजारपण, बाळंतपण काहीच नाही. भारतीय परिचर्या परिषद रजेसाठी ३० टक्के राखीव धरायला सांगते. तो मिळवला की आकडा ११ वर जातो. ८ जणींत वॉर्ड चालतो तो त्यांचे ऑफ कापून, हे अधिसेविकांसमोर (मेट्रनसमोर) आकड्यांनिशी मांड. सोबत ७ दिवसांची नोंद जोड: इंडेंट (स्टोअरमधून मागवलेलं सामान) आणणं, ट्रॉली शोधणं, रिपोर्टसाठी लॅबच्या चकरा, यात सिस्टरचा किती वेळ गेला. अर्ज लेखीच द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. तोंडी तक्रार दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात नसते.

लिस्ट दोन आठवडे आधी लाव. नाइट करून आलेलीला दुसऱ्या दिवशी सकाळी उभी करू नकोस, कितीही अडचण असली तरी. आणि कुणाला सुई टोचली, तर ‘काही होत नाही गं’ म्हणून तिला कामाला जुंपू नकोस. जखम दाबायची नाही, साबण-पाण्याने धुवायची, लगेच नोंद करून तिला डॉक्टरांकडे पाठवायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत सुरू व्हावं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा. हे औषध रात्री २ वाजता तुमच्याकडे कुठे मिळतं आणि किल्ली कुणाकडे असते, ते याच आठवड्यात विचारून ड्यूटी रूमच्या भिंतीवर लावून टाक. सगळ्यांच्या हिपॅटायटिस बीच्या तीन डोसांचीही यादी कर. शिकाऊ मुली त्यातून हमखास सुटतात.