इतिहासातील प्रसिद्ध फ्रीमेसन कोण होते आणि त्यांच्या याद्यांवर किती विश्वास ठेवावा?

जगातील नामवंतांपैकी फ्रीमेसन कोण कोण होते आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या लांबलचक याद्या कितपत खऱ्या, असे आपण विचारले आहे. फ्रीमेसन म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या, बंधुभाव मानणाऱ्या एका जुन्या संघटनेचे सभासद. त्यांना नुसते मेसन किंवा बंधू असेही म्हणतात, संघटनेच्या स्थानिक शाखेला लॉज आणि विधिपूर्वक मिळणाऱ्या प्रवेशाला दीक्षा. मी या संघटनेचा सभासद नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाचा इतिहास वाचताना ही मंडळी वारंवार भेटत गेली, तेवढाच माझा अधिकार. अशा यादीतील प्रत्येक नावाला दोन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. त्या व्यक्तीची दीक्षा कोणत्या लॉजमध्ये आणि केव्हा झाली हे सांगता येते का, आणि त्या सभासदत्वामुळे तिच्या आयुष्यात काही घडले का? पहिल्या प्रश्नावर बरीच नावे गळून पडतात आणि दुसऱ्यावर उरलेल्यांतीलही अनेक.

पहिल्या कसोटीला सहज उतरणारे नाव जॉर्ज वॉशिंग्टन यांचे. 1752 च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियातील फ्रेडरिक्सबर्गच्या लॉजमध्ये त्यांची दीक्षा झाली, 18 सप्टेंबर 1793 रोजी अमेरिकन संसदभवनाची कोनशिला त्यांनी मेसन विधीने बसवली आणि 1799 मध्ये त्यांचा दफनविधीही लॉजच्या बंधूंच्या उपस्थितीत झाला. तरीही 1798 मधील एका पत्रात त्यांनी स्वतःच लिहिले आहे की गेल्या तीस वर्षांत आपण एखाद-दुसऱ्या वेळेपलीकडे लॉजमध्ये गेलेलो नाही. त्यांच्या सभासदत्वावर मोठमोठे सिद्धांत उभारणाऱ्यांनी हे पत्र अवश्य वाचावे.

बेंजामिन फ्रँकलिन यांची गोष्ट वेगळी आहे. 1731 मध्ये ते सभासद झाले, तीनच वर्षांनी पेनसिल्व्हेनियाचे ग्रँड मास्टर, म्हणजे तेथील लॉजांचे प्रमुख, झाले आणि लंडनमध्ये 1723 साली निघालेले संघटनेचे नियमपुस्तक त्यांनी 1734 मध्ये आपल्याच छापखान्यात पुन्हा छापले. पुढे पॅरिसमध्ये राजदूत असताना ‘नऊ भगिनी’ या लॉजमुळे त्यांचा तेथील लेखक, शास्त्रज्ञ आणि विचारवंतांशी जो घरोबा झाला, तो अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धासाठी फ्रान्सची सहानुभूती मिळवण्यास निश्चितच उपयोगी पडला असणार. याच लॉजमध्ये 7 एप्रिल 1778 रोजी फ्रेंच विचारवंत व्हॉल्टेअर यांची दीक्षा झाली आणि त्यांना आधार देऊन आत नेणाऱ्यांत फ्रँकलिन होते. व्हॉल्टेअर तेव्हा 83 वर्षांचे होते आणि दोन महिने पुरे होण्याआधीच ते वारले. त्यामुळे प्रत्येक यादीत त्यांचे नाव असले, तरी त्यांच्या विचारांचे श्रेय लॉजला देणे हास्यास्पद ठरेल.

दुसऱ्या कसोटीवर खरोखर भरणारे नाव म्हणून मी संगीतकार मोझार्टकडे बोट दाखवीन. 14 डिसेंबर 1784 रोजी व्हिएन्नातील एका लहान लॉजमध्ये तो दाखल झाला आणि त्यानंतर अखेरपर्यंत लॉज त्याच्या जगण्याचा भाग राहिले. दिवंगत बंधूंसाठी त्याने शोकसंगीत लिहिले. कर्जाच्या विवंचनेत तो ज्या मिखाएल पुखबर्ग या व्यापाऱ्याला पुन्हा पुन्हा पत्रे लिहीत असे, तोही लॉजचाच बंधू होता. त्याने पूर्ण केलेली शेवटची रचनाही लॉजच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनासाठी होती आणि 1791 च्या नोव्हेंबरात त्याने स्वतः ती सादर केली. 5 डिसेंबरला तो गेला. उलट त्याचा ज्येष्ठ संगीतकार मित्र हायडन 1785 मध्ये सभासद झाला खरा, पण दीक्षेनंतर तो लॉजकडे फारसा फिरकला नाही. यादीत मात्र दोघांची नावे शेजारी शेजारी छापलेली असतात.

आता गळणाऱ्या नावांविषयी थोडक्यात. थॉमस जेफरसन आणि आइनस्टाइन हे फ्रीमेसन असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. न्यूटन यांचे नाव बहुधा त्यांचे सहकारी जॉन देझागुलिए यांच्यामुळे चिकटले असावे. देझागुलिए 1719 मध्ये लंडनच्या ग्रँड लॉजचे, म्हणजे लॉजांच्या मध्यवर्ती संस्थेचे, ग्रँड मास्टर होते, न्यूटन यांची मात्र कोणत्याही लॉजमध्ये नोंद सापडत नाही. अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणारे जवळजवळ सगळे मेसन होते, हे विधान तर सर्रास केले जाते. प्रत्यक्षात 56 जणांपैकी नऊच्या आसपास व्यक्तींचे सभासदत्व सिद्ध करता येते. त्या मानाने अमेरिकेच्या 14 राष्ट्राध्यक्षांची यादी बरीच भक्कम आहे आणि त्यांपैकी हॅरी ट्रूमन तर 1940 मध्ये मिसुरी राज्याचे ग्रँड मास्टर झाले होते.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटतात ती नावे या याद्यांच्या तळाशी असतात किंवा नसतातच. सर्व मानव बंधू आहेत असे सांगणाऱ्या संस्थेच्या दाराशी ज्यांना अडवले गेले, त्यांची ही नावे आहेत. प्रिन्स हॉल हा बॉस्टनमधील स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिक. 1775 मध्ये त्याला आणि त्याच्या 14 साथीदारांना दीक्षा मिळाली ती ब्रिटिश फौजेबरोबर असलेल्या लॉजमध्ये. स्वातंत्र्ययुद्धानंतर गोऱ्या अमेरिकन मेसनांनी त्यांना बरोबरीचे स्थान दिले नाही, तेव्हा त्याने थेट लंडनकडे अर्ज करून 1784 मध्ये लॉज चालवण्याची स्वतंत्र सनद मिळवली. त्या सनदेतून वाढलेल्या परंपरेत पुढे संगीतकार ड्यूक एलिंग्टन आले आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश थर्गुड मार्शलही आले.

मुंबईत माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनाही असाच अनुभव आला. शहरातील युरोपियनांच्या लॉजने त्यांना नाकारले, म्हणून त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. परत आल्यावरही दार बंदच होते. अखेर जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरांच्या पुढाकाराने 1843 मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे भारतीयांना प्रवेश देणारे लॉज निघाले. पारशी विद्वान खरशेदजी रुस्तमजी कामा हे पुढे याच लॉजचे सभासद झाले. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांनी 1863 मध्ये अर्ज केला, तेव्हा हिंदूंना एका ईश्वराची शपथ घेता येईल का, यावर वर्षानुवर्षे खल चालला आणि त्यांना प्रवेश मिळाला तो 1872 मध्ये. ही हकीकत ठाऊक असली म्हणजे इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंगचे सभासदत्व अधिक नीट समजते. 1886 मध्ये लाहोरच्या ‘होप अँड पर्सिव्हिअरन्स’ लॉजमध्ये तो दाखल झाला, तेव्हा नियमातील 21 वर्षांचे वयही त्याने पूर्ण केले नव्हते. आपल्या लॉजमध्ये किमान चार धर्मांचे बंधू होते, असे त्याने पुढे अभिमानाने नमूद केले. साम्राज्याचा हा कट्टर भाट त्या एका खोलीत तरी बरोबरीने बसत होता, पण ती बरोबरी दत्तांसारख्यांनी आधी झगडून मिळवलेली होती.

स्वामी विवेकानंदांविषयी बहुतेक वाचकांना कुतूहल असते, म्हणून त्यांचे नाव वेगळे घेतो. नरेंद्रनाथ दत्त या नावाने 19 फेब्रुवारी 1884 रोजी कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये त्यांची दीक्षा झाली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यापर्यंत त्यांनी तिसरी, म्हणजे पूर्ण सभासदत्वाची, पदवीही पूर्ण केली. दीक्षेनंतर आठवडाभरातच त्यांचे वडील वारले आणि कुटुंब कर्जात सापडले. हे लक्षात घेता, ओळखीपाळखी वाढवू पाहणाऱ्या वकिली घराण्यातील तरुणाने उचललेले हे एक पाऊल होते, असे मला वाटते. त्यांच्या पुढील व्याख्यानांचा आणि कार्याचा उगम रामकृष्णांच्या सहवासात आणि वेदान्तात दिसतो, लॉजमध्ये दिसत नाही. तेव्हा फ्रीमेसनांच्या यादीत त्यांचे नाव घालावे, पण त्यावरून त्यांच्या विचारांचा अर्थ लावू नये.