मेळघाटात, धारणीकडे मोबाइलवर माझी जुनी पोर्टफोलिओ साइट उघडायला फार वेळ घेते. नव्याने करताना आधी काय बदलू?

रंगरूप नंतर, आधी वजन उतरवा. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅबवर थ्रॉटलिंग (नेटचा वेग मुद्दाम कमी करणं) ३जी ठेवून काय जड आहे ते बघा. बहुधा फोटो आणि फॉन्टच सापडतील. फोटो ८०० पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये ठेवा. मराठी फॉन्टची रेग्युलर आणि बोल्ड एवढीच वजनं (जाडीचे प्रकार), वॉफ२ या वेबसाठीच्या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये, आणि सीएसएसमध्ये फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत मजकूर साध्या फॉन्टात दिसतो. फॉन्ट सबसेट करताना, म्हणजे नको ती अक्षरं काढून टाकताना, जीसब टेबल (अक्षरं जोडण्याचे फॉन्टमधले नियम) गळलं की जोडाक्षरं फुटतात, ‘विद्यापीठ’मधला द पाय मोडून वेगळा उभा राहतो, म्हणून लेआउट फीचर्स (हे नियम ज्यात असतात ती) सगळी राखा. स्लायडर (आपोआप सरकणारी फोटोंची पट्टी) सरळ काढा, कोणी बघत नाही. पानांचे पत्ते शक्यतो तेच ठेवा. बदललेच तर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) लागेल, आणि साइट गिटहब पेजेस या मोफत होस्टिंगवर असेल तर पानागणिक तो देता येत नाही.