सुंदा सामुद्रधुनी आणि अजिंक्यताऱ्याचा दगड

प्रश्न : माझा भाचा मालवाहू जहाजावर नोकरीला असून त्याचे जहाज वरचेवर जावा आणि सुमात्रा यांच्यामधील सुंदा सामुद्रधुनीतून जाते. तेथील ज्वालामुखीचा जहाजाला कितपत धोका असतो? आपला अजिंक्यताराही लाव्ह्याचाच आहे. मग येथे तशी भीती का नाही?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : ही सामुद्रधुनी जावा समुद्राला हिंदी महासागराशी जोडते. तिची सर्वांत अरुंद रुंदी सुमारे 24 किलोमीटर, म्हणजे आपण कोरेगावहून साताऱ्याला येता त्याहून थोडीशीच अधिक आहे. पश्चिमेकडे तळ हजार मीटरहून खोल जातो, तर पूर्वेच्या तोंडाशी काही ठिकाणी पाणी जेमतेम 20 मीटर आहे. त्यात वाळूचे दांडे आणि भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह असल्यामुळे खूप मोठी जहाजे हा मार्ग टाळतात. त्यातच मेराक आणि बाकाउहेनी या बंदरांमधील प्रवासी बोटी आडव्या ये-जा करतात. 2020 पासून येथे जाणाऱ्या आणि येणाऱ्या जहाजांसाठी वेगळ्या मार्गिका आखून दिल्या आहेत. रोजच्या नौकानयनात भाच्याला सांभाळावे लागते ते प्रामुख्याने हेच.

ज्वालामुखीचे भय मात्र खरे आहे आणि ते अधिक काठावरच्या माणसांना आहे. ऑगस्ट 1883 मध्ये या सामुद्रधुनीतील क्राकाटोआ ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा त्याचा आवाज सुमारे 4,800 किलोमीटरवरील रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला. 36,000 हून अधिक माणसे दगावली, त्यांतील बहुतेक लाटांमुळे. त्याच जागी 1927 मध्ये पाण्यातून वर आलेला नवा डोंगर म्हणजे अनाक क्राकाटाऊ, अर्थात क्राकाटोआचे मूल. 2018 पर्यंत तो 338 मीटर झाला होता. साताऱ्यातून अजिंक्यतारा जेवढा उंच दिसतो, साधारण तेवढा. त्या वर्षी 22 डिसेंबरच्या रात्री त्याचा एक अख्खा उतार समुद्रात घसरला आणि शिखर 110 मीटरवर आले. जमीन जोराने हादरलीच नाही, म्हणून भूकंपावर बेतलेली इशारा यंत्रणाही गप्प राहिली. किनाऱ्यावर संगीताचा कार्यक्रम रंगला असताना मागून लाट आली. चारशेहून अधिक लोक गेले. लोकांना इशाराच मिळाला नाही, याची हळहळ आजही वाटते.

खोल पाण्यात, बेटापासून दूर असलेल्या जहाजाखालून अशी लाट बहुधा फारशी न जाणवता निघून जाते. मोठ्या उद्रेकात राख आणि पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र दगड यांचा उपद्रव अधिक होतो, कारण ते इंजिनाच्या पाण्याच्या जाळ्या तुंबवतात.

आता अजिंक्यताऱ्याविषयी. आपल्याकडे विहीर खणताना निघणाऱ्या काळ्या दगडात जी बारीक छिद्रे दिसतात, ती लाव्ह्यातील वायूचे बुडबुडे थिजून झालेली आहेत. तो लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पातळपणे पसरला आणि थरावर थर साचले. तो उद्रेक केव्हाच संपला. सुंदा भागात मात्र हिंदी महासागराचा तळ आजही जावा-सुमात्राच्या खाली सरकत आहे, त्यामुळे तेथे नवा शिलारस तयार होणे थांबलेले नाही.