चित्रपट महोत्सवात मोठे कलाकार खरंच भेटतात का? खान्देशातून त्यासाठी एवढ्या लांब जावं का?

जळगावला कॉलेजात आहात, इफ्फीला, म्हणजे गोव्यातल्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जावंसं वाटतंय, पण नट-नट्या जवळून दिसणार नसतील तर खर्च वाया जाईल अशी तुम्हाला शंका आहे. माझं म्हणणं, नक्की जा. भुसावळहून गोवा एक्सप्रेस आहे. पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे पिफ, करायचा असेल तर जळगावला महाराष्ट्र एक्सप्रेस मिळते. इफ्फी २००४ पासून पणजीला भरतो, साधारण नोव्हेंबरात. पिफ बहुतेक जानेवारीत असतो.

कलाकार दिसतात. उद्घाटनाला आणि समारोपाला, बॅरिकेडच्या पलीकडे, गाडीतून उतरून कॅमेऱ्यांसमोरून आत जाईपर्यंत. तेवढ्यासाठी लोक दुपारपासून उभे असतात. त्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. ज्याला लहानपणापासून पडद्यावर पाहिलं, त्याला एकदा डोळ्यांनी बघावं असं कुणालाही वाटतं. आपल्याकडे सराफाच्या दुकानाच्या उद्घाटनाला मालिकेतली नटी आली तरी रस्ता बंद पडतो.

वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. बाहेर एवढी गर्दी असते, तेव्हाच आत एखाद्या छोट्या थिएटरात सिनेमा संपलेला असतो, दिवे लागलेले असतात आणि तो ज्यानं केला तो माणूस माईक घेऊन समोर उभा असतो. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. अशाच एका खेळानंतर मी दिग्दर्शिकेला विचारलं, शेतातला तो संध्याकाळचा लांब शॉट एका दमात कसा घेतला? माईकवर वेळ संपला, तर ती बाहेर पायऱ्यांवर बसून सांगत राहिली. उजेड मिळावा म्हणून रोज त्याच बांधावर जाऊन थांबायचं, ढग आले की परत फिरायचं. आमच्याकडे कापूस वेचणीला पहाटे जातात ते का, हे मी तिला सांगितलं. सिनेमा करणाऱ्या माणसाशी इतक्या बरोबरीनं बोलायला मिळणं, हे महोत्सवाबाहेर कुठे घडणार? नटाबरोबरच्या सेल्फीत तुमच्याकडे तो बघतसुद्धा नाही.

प्रसिद्धी म्हटली की मला धुळे जिल्ह्यातलं शिरपूर आठवतं. स्मिता पाटील जन्मली पुण्यात, १९५५ साली, पण तिचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. तिचा विषय निघाला की तिकडची म्हातारी माणसं आजही म्हणतात, ‘आमनीच पोर शे ती.’ हा अभिमान मलाही आहे. तिनं नाव कमावलं कशावर, ते बघा. ‘मंथन’ १९७६ चा, श्याम बेनेगलांचा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो उभा केला. त्या चित्रीकरणाचा एक किस्सा सांगितला जातो. शूटिंग बघायला आलेली पोरं विचारत होती, हिरॉईन कुठंय? ती तिथंच गावातल्या बायकांत बसली होती, कुणाला ओळखूच आली नाही. नटीसाठी याहून मोठी दाद मला माहीत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात डागडुजी केलेली ‘मंथन’ची प्रत फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवली गेली. नसिरुद्दीन शाह गेले होते, स्मिताचा मुलगा प्रतीक होता. त्या आठवड्यात माझ्या फोनवर कानमधल्या गाऊनचे फोटो धो-धो येत होते. ‘मंथन’ची बातमी मात्र मला शोधून काढावी लागली. आपल्या मातीतल्या बाईचं काम जगानं पुन्हा मोठ्या पडद्यावर पाहिलं, आणि आपल्यापर्यंत पोचले ते कपडे. याचा मला राग येतो आणि तो यायलाच हवा असं वाटतं.

धुळ्याहून आग्रा रोडनं मालेगाव तासाभराचं. जिल्हा नाशिक, पण तिथली भाषा, बाजार, सोयरीक सगळी आपल्याकडची. तिथल्याच नासिर शेखनं गावातली माणसं घेऊन ‘शोले’ची गमतीदार नक्कल केली, ‘मालेगाव के शोले’. यंत्रमागावर राबणारा शफीक शेख पुढे त्यांच्याच सिनेमात सुपरमॅन झाला. ना व्हॅनिटी व्हॅन, ना अंगरक्षक. लोक हसले, रडले, त्याला डोक्यावर घेतलं. कामगार रोजच्या गल्लीत फिरत असतानाही नट होऊ शकतो, हे त्या गावानं करून दाखवलंय. त्यांच्यावरचा हिंदी सिनेमा २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात पोचला.

आता तुमचं. विद्यार्थ्यांच्या पासची चौकशी आधीच करा, नोंदणी ऑनलाइन होते. जागा आरक्षित करायची सोय असेल तर लवकर उठून करा, चर्चेतले सिनेमे बघता बघता भरतात. दिवसाला पाच बघायचा हट्ट नको. तीन बघा आणि दिग्दर्शक येणार असेल तो खेळ सोडू नका. एखाद्या संध्याकाळी रेड कार्पेटपाशीही जाऊन या, हौस आहे, भागवा. जाण्याआधी स्मिताचे ‘मंथन’, ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ बघून ठेवा. रांगेत पुण्या-मुंबईची पोरं भेटतील, कुठून आलात विचारतील. खान्देश म्हणा, आणि मग तिच्या कामावर त्यांच्याशी मनसोक्त बोला.