द्या काय द्यायचं ते

प्रश्न: ताई, मी 38 वर्षांची आहे. बार्शीत राहते. घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. हात चांगला आहे असं सगळ्या म्हणतात, कटोरी ब्लाउजसाठी कुर्डुवाडीहूनही बायका येतात. अस्तराच्या एका ब्लाउजला तीन तास लागतात. त्याचे मी 250 सांगते, बाजारपेठेत 400 घेतात. पण तेवढेही मागायला जीभ रेटत नाही. "किती झाले?" असं कुणी विचारलं की तोंडातून निघतं, "द्या काय द्यायचं ते." मग कुणी शंभर टेकवतं, कुणी "पुढच्या वेळी देते" म्हणत पिशवी उचलतं. वहीत 11,640 रुपये उधारी आहे, त्यातले 2,300 एकट्या चुलत जावेचे. कुणी स्तुती केली तर मीच म्हणते, "कापडच चांगलं होतं हो." आणि "बाही जरा घट्ट झाली" म्हटलं, तर त्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मी सहा वर्षांची असताना वडील गेले, आम्ही मामाकडे वाढलो. मामी वाईट नव्हती, पण "या घरात कुणी फुकट खात नाही" हे रोज कानावर पडायचं. नवरा म्हणतो, "तुला स्वतःची किंमतच नाही." ती किंमत कशी वाढवायची?

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन घेऊन बसले. अस्तराचे 70 धरले, दोरा आणि हुक मिळून 10. अडीचशेतून ते वजा केले की हातात 170 राहतात. तीन तासांचे 170, म्हणजे तासाला 57 रुपयेसुद्धा पडत नाहीत. तेही समोरच्या बाईनं पूर्ण पैसे दिले तर. विजेचं बिल आणि डोळ्यांचा ताण मी धरलेलाच नाही. मनाचं पुढं बघू, पण हा हिशेब तुम्ही स्वतःच्या अक्षरात एकदा मांडा. वर्षानुवर्षं कमी पैसे घेणाऱ्या बायका माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकींनी तो कधी मांडलेलाच नसतो. मांडायची भीती वाटते.

आता मामीचं घर. सहा वर्षांची मुलगी भांडी घासून, धाकट्यांना कडेवर घेऊन ताटातला भात रोज फेडत होती. आपण कुणाला जड होता कामा नये, आपलं मागणं कुणाच्या कानावर पडता कामा नये, हे ती शिकली. त्या घरात तेच शहाणपणाचं होतं, त्याबद्दल स्वतःला अजिबात दोष देऊ नका. पण आज घर तुमचं आहे, मशीन तुमचं आहे, आणि गिऱ्हाईक दारात आलं की तुम्ही मात्र पुन्हा त्याच स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहता. "द्या काय द्यायचं ते" हे त्या मुलीचं वाक्य आहे. ठेवा किंवा हाकला, तुम्ही ठरवा, असं ती सांगतेय.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मायेचं आहे, पण मला ते पूर्ण पटत नाही. मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1965 साली आत्मसन्मान मोजायची दहा वाक्यं प्रसिद्ध केली. न्यूयॉर्क राज्यातल्या पाच हजारांहून अधिक शाळकरी मुलामुलींकडून त्यानं उत्तरं घेतली होती, आणि ती वाक्यं आजही जगभर वापरतात. त्यांतल्या एकाचा आशय असा, की निदान इतरांच्या बरोबरीनं तरी मी मोलाचा माणूस आहे. त्याच्याशी किती सहमत, ते सांगायचं. त्या दहांत कुठल्याही एका कलेची परीक्षा नाही. म्हणूनच कुर्डुवाडीहून बायका जिच्याकडे येतात, तिचेही गुण तिथं कमी भरू शकतात. शिवणाचा तुमचा हात आणि तुमच्या मनातलं तुमचं स्थान, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग मनातलं स्थान वाढवायला आरशासमोर उभं राहून "मी खूप छान आहे" म्हणायचं का? तसं सुचवणारे पुष्कळ भेटतील. माझा सल्ला नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपण प्रेम करण्याजोगे आहोत असं वाक्य लोकांना मनाशी घोकायला सांगितलं, तेव्हा आत्मसन्मान आधीच कमी असलेल्यांना ते घोकून उलट जास्त वाईट वाटलं. मला यात नवल वाटत नाही. आरशातल्या बाईलाही तुम्ही म्हणाल, "कापडच चांगलं होतं हो."

मी समुपदेशनात ज्या पद्धतीनं काम करते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. कि. मो. फडके यांच्या मराठी लेखनामुळे ती आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. एलिस म्हणत, माणसाला गुण द्यायचेच कशाला? कामाला द्या. बाही घट्ट झाली असेल तर ती बाही चुकली, उसवून अर्धा इंच सोडायची. त्यात तुम्ही पास-नापास व्हायचा प्रश्नच येत नाही. म्हणून "माझी किंमत कशी वाढवू" हा तुमचा प्रश्नच मला बदलावासा वाटतो. दर ठरवायचाय तो शिलाईचा. स्वतःला त्या पारड्यातून उतरवून बाजूला बसवा.

एलिस स्वतः तरुणपणी फार बुजरे होते. एकोणीस वर्षांचे असताना ते ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जात राहिले. बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायचं, असा त्यांनी नेम केला. ते सांगत, की 130 जणींपैकी 30 लगेच उठून गेल्या, 100 जणी बोलल्या, एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण नकारानं काही आभाळ कोसळत नाही हे एवढ्या वेळा अनुभवल्यावर त्यांची भीती गेली. आधी धीर आला आणि मग ते बाकावर बसले, असं घडलेलं नाही.

पैसे मागायची माझी भीती एका निवृत्त शिक्षकांनी घालवली. मी नुकतं काम सुरू केलं होतं. तासभर बोलून झाल्यावर त्यांनी फी विचारली, मी म्हटलं, "राहू द्या हो सर." ते उठलेच नाहीत. म्हणाले, "बाई, मी काय भीक मागायला आलो होतो का?" त्या दिवशी कळलं की पैसे न घेऊन मी त्यांनाही ओशाळं करत होते.

आता काय करायचं ते सांगते. पुठ्ठ्यावर स्केचपेननं दर लिहा आणि मशीनच्या वर टांगा. साधा ब्लाउज, अस्तराचा, कटोरी, फॉल-पिको, सगळ्याचे. अस्तराचा 350 पासून तरी सुरू करा. पिशवी हातात देण्याआधी म्हणायचं, "साडेतीनशे झाले. रोख देताय की फोनवर पाठवताय?" आणि गप्प राहायचं. खरं अवघड काम हेच गप्प राहणं. त्या चार-पाच सेकंदांत "नाहीतर राहू द्या, पुढच्या वेळी द्या" घशाशी येईल. तेव्हा हाताला काम द्या, टेपची गुंडाळी करा, पण ओठ मिटलेले ठेवा. छातीत धडधडेल, हात गार पडतील, तरी वाक्य बदलायचं नाही. कुणी ब्लाउजची स्तुती केली तर "आवडला ना? बरं वाटलं," एवढंच. कापडाला मध्ये आणू नका.

झोपेचं मात्र हलक्यात घेऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त रोज झोप उडत असेल, जेवणावरचं मन उडालं असेल, तर 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी टेलि-मानस क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

उधारीची वही उघडा. जिची सगळ्यात कमी भीती वाटते तिच्यापासून सुरुवात करा, जाऊबाईंचे 2,300 शेवटी. दोघी-तिघी तोंड वाकडं करतील, एखादी दुसरीकडे शिवायला टाकेल. तेही वहीत लिहा. आणि महिन्यानं मला पत्र पाठवाल तेव्हा किती पैसे वसूल झाले ते लिहू नका. किती जणींकडे मागितले, तो आकडा कळवा.