कॉलेज सांभाळून अँब्युलन्सवर काम करायचंय?

भाऊ, आधी १०८चा, म्हणजे सरकारी अँब्युलन्सचा, नाद सोड. आपल्याकडे २०१४ पासून त्या गाडीवर ड्रायव्हरसोबत डॉक्टर असतो, बहुतेक बीएएमएस नाहीतर बीएचएमएस. बारावीवर तिथे काही होणार नाही. तुझी जागा धुळे-जळगावच्या खासगी हॉस्पिटलांत: कॅज्युअल्टीची (तातडीच्या विभागाची) नाइट, किंवा रेफर पेशंटसोबत, म्हणजे मोठ्या हॉस्पिटलला पाठवलेल्या पेशंटसोबत, मदतनीस. फोन करत बसू नकोस, दुपारी राउंड आटोपल्यावर इन्चार्ज सिस्टरला जाऊन भेट. हातात बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे जीव वाचवायच्या प्राथमिक उपचारांचं) सर्टिफिकेट हवं. हिपॅटायटिस बीची लस आजच सुरू कर. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस असतात, म्हणजे वेळ जातोच.

नवीन पोरं फसतात ती ऑक्सिजनवर. बी-टाइप सिलिंडर भरलेला असला तर साधारण १५०० लिटर. मिनिटाला १० लिटरने सोडला की अडीच तासांत खलास. धुळ्याहून नाशिक दीडशे किलोमीटरच्या वर, वाटेत ट्रॅफिक लागला तर तीन तास कुठेच गेले नाहीत. म्हणून निघण्याआधी गेज स्वतः बघ, ड्रायव्हर 'फुल्ल आहे' म्हणाला तरी. दुसरा सिलिंडर आणि सिलिंडर उघडायची चावी गाडीतच पाहिजे. चावी हमखास वॉर्डात राहते.

सुई टोचायला सांगितलं तर सरळ नाही म्हण, कितीही घाई असो. ते तुझं काम नाही, आणि निस्तरावं तुलाच लागेल.

ड्युटी शनिवार रात्रीचीच माग. अमळनेर-पाचोऱ्याहून अप-डाउन असेल तर मधल्या वारी नाइट घेऊच नकोस, सकाळचं प्रॅक्टिकल हमखास बुडतं. पगाराची तारीख आणि रेफरच्या फेरीचे वेगळे पैसे मिळतात का, हे पहिल्याच दिवशी विचारून घे.