कौन्सिलची चार वर्षं

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

२०२८ च्या सप्टेंबरात कौन्सिलची, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेची, निवडणूक लढवायची आणि तिथून ऑस्ट्रेलियातल्या तुमच्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या विधानसभेत जायचं, हा तुझा बेत वाचून फार आनंद झाला. एकच खटकलं. कौन्सिलची चार वर्षं तू नुसती वाटेतली धरली आहेस. म्हणून तुमच्याच राज्यातले एक अपक्ष लोकप्रतिनिधी, टेड मॅक, यांच्याविषयी लिहितो.

मॅक पेशाने वास्तुविशारद. घरामागे उंच इमारत आली आणि ते राजकारणात ओढले गेले. १९७४ मध्ये नॉर्थ सिडनी कौन्सिलवर निवडून आले, १९८० मध्ये महापौर झाले. महापौरांची मर्सिडीज विकून त्यांनी लोकांसाठी बसगाड्या घेतल्या, ही गोष्ट सगळेच सांगतात. मला त्याहून मोठं काम वाटतं ते कौन्सिलची दप्तरं खुली करण्याचं. शेजारी काय बांधलं जाणार याचे कागद रहिवासी स्वतः पाहू शकत. प्रिसिंक्ट समित्यांमध्ये, म्हणजे भागाभागातल्या रहिवाशांच्या समित्यांमध्ये, बसून त्यावर आपलं मत देत, आणि त्या मताला वजन असे. हे काम कंटाळवाणं असतं गं. सांडपाणी, पार्किंग, झाडं, सावली कुणाच्या अंगणात पडते यावरचे वाद. पण लोक माणूस ओळखतात तो तिथेच.

म्हणून १९८१ मध्ये कुठल्याही पक्षाविना ते नॉर्थ शोअर मतदारसंघातून राज्याच्या विधानसभेवर गेले, तेही लिबरल पक्षाचे नेते ब्रूस मॅकडोनल्ड यांना हरवून. महापौरपदही त्यांनी सोडलं नाही. तुला तसं करता येणार नाही. २०१२ च्या कायद्याने आमदार आणि कौन्सिलर या दोन्ही जागा फार काळ एकदम ठेवता येत नाहीत. १९८८ मध्ये, आमदारकीचं निवृत्तिवेतन लागू होण्याच्या अगदी तोंडावर, ते नको म्हणून त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला. पुढे १९९० ते १९९६ केंद्रीय संसदेत राहिले आणि तिथलं निवृत्तिवेतनही घेतलं नाही. तू इतकं सोडावंस असं मी म्हणत नाही. पण काय सोडता येईल, हे उमेदवारीआधी मनाशी ठरव.

आणखी एक लक्षात ठेव. कौन्सिल राज्याच्या कायद्यातून जन्मते आणि राज्य ती बरखास्तही करू शकतं. १९८७ मध्ये सिडनी शहराची केलीच होती. विधानसभेत गेलीस की या सत्तेत तुझाही वाटा असेल. कौन्सिलमध्ये मन लावून बसलेला माणूस ती जपून वापरतो.

सध्या पक्षाच्या शाखेत चकरा मारू नकोस. तुमच्या कौन्सिलच्या पुढच्या सभेला विषयपत्रिका वाचून जा. तिथे बोलायला आलेल्या शेजाऱ्यांना सभेनंतर गाठ, त्यांचं म्हणणं नीट ऐकून घे आणि मला सविस्तर लिही. उमेदवारीचं आपण मग बोलू.

तुझा,
काका